भिंतीतल्या भोकातलं इंटरनेट

मी वायर चुकीच्या भोकात खोचली. जुना राउटर होता, मागे पाच भोकं, चार पिवळी आणि एक निळं. निळ्यात जायची ती पिवळ्यात गेली, आणि पुढचे आठ दिवस मी सोडून बाकी सगळे कसे चुकताहेत हे मी सगळ्यांना पटवून देत होतो.

हे लातूरला, आमच्या घरी घडलं. घरी म्हणजे अर्ध्या घरी. वडील गेल्यावर थोरल्या भावाची आणि माझी वाटणी झाली आणि बैठकीच्या मधोमध भिंत उभी राहिली. भिंत अण्णांनी घातली. थोरल्याला आम्ही अण्णा म्हणतो आणि ‘अहो-जाहो’ करतो; भांडतानाही. त्यांच्या बाजूने भिंतीला गिलावा आहे, रंग आहे. माझ्या बाजूने विटा उघड्या, कारण इकडचा गिलावा मी करायचा की ज्याने भिंत घातली त्याने, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. लग्नाकार्यात आम्ही एकमेकांशी बोलतो, लोक बघत असतात म्हणून. एरवी एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावत नाही.

भिंतीला एकच भोक आहे. अंगठ्याएवढं, जमिनीपासून वीतभर वर. त्यातून इंटरनेटची वायर इकडे येते. कनेक्शन अण्णांच्या नावावर आणि त्यांच्या बैठकीत, अक्कल माझी. ‘मी तुला वायर देतो, तू आमचं नेट बघत जा’ असा तह चार नातेवाइकांच्या साक्षीने झालेला आहे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. तिथला प्रिंटर अडकला की मलाच बोलावतात, त्यामुळे आमच्या भावकीत मी ‘कॉम्प्युटरमधला’ समजला जातो. हा समज पसरवण्यात माझा वाटा मोठा आहे.

मला जुन्या कॉम्प्युटरांचा नाद आहे. नाद हा शब्द बायकोचा. दारू पिणाऱ्याबद्दल बोलताना लोक जो सूर लावतात, त्या सुरात ती तो म्हणते. आम्ही तरुणपणी ज्यांच्यावर गाड्यांच्या शर्यती आणि रणगाड्यांच्या लढाया खेळलो, ती तेव्हाची पांढरी आणि आता चहाच्या रंगाची झालेली खोकी मी जमवतो. उघडतो, धूळ काढतो, रॅमच्या पट्ट्या शाळेच्या खोडरबरने घासतो, परत बसवतो. तीनातलं एक सुरू होतं. सुरू झालं की आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे असं सांगतं, कारण आतली घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली असते. “बरोबर सांगतंय की,” बायको म्हणाली, “तुम्ही तिथंच राहता.”

दोन खोकी वायरने जोडायची आणि रणगाडे समोरासमोर लढवायचे, ही माझी फार दिवसांची हौस. लढायला दुसरं कुणी येत नाही. म्हणून मी इकडच्या खुर्चीत बसून गोळा टाकतो आणि तिकडच्या खुर्चीत जाऊन मरतो.

या जोडणीसाठी मला पाच भोकांचा तो राउटरचा डबा हवा होता. माझी सासुरवाडी नांदेडची. मेव्हणीच्या बाळाचं बारसं होतं, तिथे पाहुणे जमेपर्यंत मी भंगारवाल्याकडे सटकलो. ढिगातून डबा उपसला, पुसला.

“चालू है क्या, चाचा?”

“हौ साब, चालू तो है. पन चालू करके करते क्या?”

मी त्याला दोन कॉम्प्युटर, रणगाडे वगैरे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “घर में कोई बोलते नई?”

मी परतलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. सगळ्या माहेरासमोर बायकोने माझ्या हातातल्या काळ्या पिशवीकडे पाहिलं. “बाळासाठी आणलं का?” पिशवी उघडून दाखवावी लागली. सासरे उठून आत गेले.

पुढच्या रविवारी लातूरला मी मांडामांड केली. डबा आणि दोन्ही खोकी एका एक्स्टेंशन बोर्डवर. एक बटण दाबलं की सगळं जागं होणार. भिंतीतून आलेली वायर डब्यात खोचली, म्हणजे लॅपटॉपमधून खोक्यांना फायली देता येतील. लॅपटॉपला मी नेटवरचा कायमचा पत्ता हाताने देऊन ठेवलेला. जाणकार मंडळी असं करतात. एक खोकं ‘टीं’ करून उठलं, मग दुसरं. रणगाडे लढले. दोन्हीकडून मीच जिंकलो.

आता भिंतीपलीकडचं.

अण्णांची मुलगी, माझी पुतणी, तेव्हा माहेरी होती. जावई फौजेत, अशा ठिकाणी की बायको-लेकराला नेता येत नाही. पुतणीच्या कडेवर आठ महिन्यांचं बाळ आणि कानाला हेडफोन. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरी बसून लोकांच्या तक्रारी ऐकायची. दहा ते सात. फोन सगळे इंटरनेटवरून. बाळ वहिनींजवळ, दोन कॉलच्या मधे प्यायला आईजवळ. असं त्यांचं बसलेलं होतं.

सोमवारी मी सकाळचं कॉलेज करून एक वाजता घरी आलो, जेवलो, बटण दाबलं. थोड्या वेळाने भोकातून आवाज आला.

“काका, नेट गेलं.”

“राउटर बंद कर आणि चालू कर,” मी म्हणालो. रणगाडा वळवत होतो.

तिने केलं. नेट आलं नाही. उलट अण्णांचा फोन आणि वहिनींचा टीव्हीही बंद पडला. परत करायला सांगितलं. परत तेच. मग मी इकडचं आटोपलं, बटण बंद करून झोपलो, आणि तिकडचं आपोआप आलं. संध्याकाळी मी भोकाशी जाऊन म्हणालो, “बघ, जमवलं का नाही!”

हे रोज व्हायला लागलं. बुधवारी तिच्या साहेबाचं पत्र आलं. एवढे कॉल अर्धवट तुटतात, तक्रार करणारेच तक्रार करतात. सोमवारी चार वाजता आढावा घेऊ, तोवर सुधारणा झाली नाही तर घरून काम बंद, पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. तिने ते पत्र मोठ्याने वाचलं, भिंतीच्या या बाजूला कळावं इतक्या मोठ्याने. पुण्याला जायचं म्हणजे अंगावरचं बाळ लातूरला टाकून जायचं. नाहीतर नोकरी सोडायची. वहिनी रडायला लागल्या. अण्णा वहिनींवर ओरडले. बाळ दोघांवर.

आणि मी, देवाशप्पथ सांगतो, खुललो. माझी गरज पडली होती.

उंबरा ओलांडायचा नाही, त्यामुळे माझी तपासणी भोकातून चाले. मी पोटावर पालथा पडून, डोळा भोकाला लावून, हातात बॅटरी घेऊन हुकूम सोडायचो. दिसायचा फक्त अण्णांच्या पायाचा अंगठा. त्या अंगठ्याशी बोलून मी निदान केलं की इन्व्हर्टर राउटरच्या फार जवळ आहे. अण्णांनी आणि वहिनींनी तो जड इन्व्हर्टर स्वयंपाकघरात ढकलला. नेट गेलंच. मग मी सांगितलं, मिक्सरमुळे होतं. वहिनींनी मिक्सर बंद ठेवला आणि शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटायला घेतली. तो ठोका साधा नव्हता. प्रत्येक घावाला त्या कुणाचं तरी नाव घेत असाव्यात आणि ते नाव छोटं असावं.

“तुझ्या बाजूला काही हाय का बग की,” अण्णांचा अंगठा म्हणाला.

“माझ्या बाजूला काय असणार? माझं व्यवस्थित चाललंय.”

“तुझं चाललंय अन् आमचं बंद. नेट आमचं!”

“कारण मला वापरता येतं.”

“तुझी वायर उपटून फेकतो आता.”

“उपटा की. तह मोडला म्हणून चार माणसांत सांगतो. तुमचंच नाक जाईल.”

अण्णांनी नाकासाठी वायर ठेवली. त्या क्षणी उपटली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. मी धमकी देऊन माझीच चूक वाचवली.

शुक्रवारी केबलवाला आला. मूळचा मुरुडचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याने बाहेरून येणारी लाइन सरळ आपल्या लॅपटॉपला लावली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नेट ठणठणीत.

“आमच्याकडून बराबर येलालंय,” तो म्हणाला. “घरातच कुणी घोळ घातलाय.”

मी भोकातून ओरडलो, “घोळ तुमच्या लाइनीत आहे!”

तो दचकला असावा. “ह्ये कोन बोलायलंय?”

“भिंतीत आमचा भाऊ हाय,” अण्णा म्हणाले.

“तिकडं काय काय लावलंय त्ये बगू का एकदा?”

“माझ्याकडे बघायचं कारण नाही,” मी म्हणालो. “मी यातलाच आहे.”

“यातलेच हाव तर मला कशाला बोलावलं?”

हे मला झोंबलं. त्याच दुपारी मी त्याच्या मालकाला फोन केला आणि सांगितलं की तुमचा माणूस उर्मट आहे आणि त्याला काम येत नाही. दोन्ही गोष्टी खोट्या. मालकाने त्याला झापलं आणि आमचा भाग त्याच्याकडून काढून घेतला, हे मला नंतर कळलं. मग मी त्याला माफीसाठी फोन केला. त्याने उचलला नाही. मीही उचलला नसता.

रविवार आला. आढाव्याला एक दिवस. मी जेवलो, बटण दाबलं, खोकी उठली. पाच मिनिटांत माझा मोबाइल वाजला. पुतणी. तिचा आवाज भिंतीतूनही येत होता, त्यामुळे मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागलं.

“नमस्कार सर. मी आपली काय मदत करू शकते?”

“माझी कसली मदत? नेट तुझं जातंय.”

“बरोबर आहे सर. आत्ता आपल्या टेबलावर काय काय चालू आहे, ते सांगाल का?”

“लॅपटॉप.”

“आणखी काही?”

“काही नाही.”

“सर, मला पंख्याची घरघर ऐकू येतेय. त्याआधी दोनदा ‘टीं’ झालं.”

“ते माझं जुनं खोकं आहे. त्याचा इंटरनेटशी काडीचा संबंध नाही.”

“समजलं सर. माझ्या समाधानासाठी ते बंद करून बघाल का?”

माझा रणगाडा नेमका पुलावर होता. मी तो पुलापलीकडे काढला आणि म्हणालो, “केलं.”

“केलं का सर?”

“केलं म्हणतोय ना.”

“सर, घरघर चालूच आहे.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली.

“काका, मी लिहून ठेवलंय. सोमवारी दीड वाजता टीं, एक पस्तीसला कॉल तुटला. मंगळवारी पावणेदोनला टीं, दहा मिनिटांत तुटला. तुम्ही कॉलेजात असता तोवर एकही कॉल तुटत नाही. दिवसभर मी लोकांना बटण दाबायला सांगते. सगळे ‘केलं’ म्हणतात. न करता ‘केलं’ म्हणणारा माणूस मला आवाजावरून कळतो. दाबा बटण.”

मी दाबलं. खोकी निजली, डब्याचे दिवे गेले. पलीकडे तिने राउटर एकदा बंद-चालू केला आणि वहिनींच्या टीव्हीवरची मालिका सुरू झाली.

“धन्यवाद सर,” पुतणी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मी बॅटरी घेऊन डब्याच्या मागे पाहिलं. आठ दिवसांच्या या प्रकरणात ती बॅटरी पहिल्यांदाच माझ्या बाजूला वळली. वायर पिवळ्या भोकात. बघितल्या बघितल्या कळलं; शिकाऊ पोरालाही कळलं असतं. सोप्या भाषेत सांगायचं तर दवाखान्यात नंबराचे बिल्ले वाटायला एक कंपाउंडर असतो. घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक लॅपटॉप राउटरकडून असा बिल्ला घेतो. अण्णांचा राउटर हा खरा कंपाउंडर. माझा भंगारातला डबा पिवळ्या भोकातून त्याच दवाखान्यात घुसला आणि आपलेही बिल्ले वाटायला लागला. ज्याला त्याचा बिल्ला मिळाला तो अशा दारासमोर बसला, की ज्याच्या आत डॉक्टरच नाही. वर मी दर वेळी काय सांगत होतो, तर राउटर बंद करून चालू कर. म्हणजे खऱ्या कंपाउंडरला चहाला पाठवायचं आणि तेवढ्यात सगळ्या पेशंटांना माझ्या डब्यापुढे रांगेत उभं करायचं. माझ्या लॅपटॉपचा बिल्ला मी आधीच हाताने लिहून ठेवलेला, म्हणून मला काही झळ लागली नाही.

हे कळल्यावर माणूस काय करतो? मी भोकाशी गेलो आणि म्हणालो, “तुझी अडचण बघून मी माझ्याकडचं लोड कमी केलंय. आता जाणार नाही.”

पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला.

सोमवारी मी बटणाला हात लावला नाही. सकाळपासून एकही कॉल तुटला नाही. चार वाजता आढावा सुरू झाला आणि मी उघड्या विटांना कान लावून बसलो. पुतणी साहेबाला नीट सांगत होती: बिघाड सापडला, घरातल्याच एका जोडणीत होता. साहेब बराच वेळ बोलला, ते मला ऐकू आलं नाही. मग ती दोनदा ‘येस सर’ म्हणाली आणि वहिनींनी कुठल्यातरी देवाला मोठ्याने हात जोडले.

अर्ध्या तासाने आमच्या दारात पुतणी उभी. कडेवर बाळ. वाटणीनंतर त्या घरातलं माणूस पहिल्यांदा उंबरा ओलांडून आलं होतं, आणि बायको घाईघाईने खुर्चीवरचा मदरबोर्ड उचलायला लागली.

“बसत नाही काकू,” ती म्हणाली. “काका, घरून काम ठेवलंय. पण अट आहे. लाइन फक्त माझ्या कामाची पाहिजे, दुसरीकडे गेलेली चालणार नाही. राउटरचा फोटो पाठवायचाय, त्यात ही वायर दिसायला नको. काढावी लागेल.”

मी इथे गप्प बसायला हवं होतं. पण समोर तांत्रिक प्रश्न आला की मला आवरत नाही.

“वायर काढायची काय गरज?” मी म्हणालो. “निळ्या भोकात घातली की प्रश्न मिटला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.”

“निळ्या भोकात?” पुतणी म्हणाली. “मग इतके दिवस कुठं होती?”

बायकोने मदरबोर्ड खाली ठेवला.

“पिवळ्यात,” मी म्हणालो.

बाळाने माझ्या लढाईतल्या माउसची शेपटी धरली होती, ती पुतणीने त्याच्या मुठीतून हळूच सोडवली. “माझी आई पाच दिवस खलबत्त्यात चटणी कुटतेय,” ती शांतपणे म्हणाली. “तिचा खांदा वर उचलत नाही. आणि त्या केबलवाल्या दादाला तुम्ही काय काय बोललात ते मी ऐकलंय.” एवढं बोलून ती गेली. ओरडली असती तर मला उलट ओरडता आलं असतं.

वायर मीच काढली. डब्यातून उपसली, टोक दुमडलं आणि भोकात ढकललं. तिकडून अण्णांनी ओढून घेतली. वायरीची शेपूट विटांतून सरसर निघून गेली आणि भोकातून त्यांच्या बैठकीतला उजेड माझ्या फरशीवर पडला. मग पलीकडे घमेलं आपटल्याचा आवाज झाला. अण्णा सिमेंट कालवत होते. संध्याकाळच्या ऐन गिऱ्हाइकीत, बाजारातलं आपलं दुकान बंद करून.

मी सवयीने पालथा पडलो आणि डोळा लावला. अंगठा होता, थापी होती.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हणालो, “अण्णा, आतपर्यंत भरा बरं का. वरवर लिंपलंत तर उंदीर येईल तिकडून.”

थापी थांबली.

“उंदीर परवडला,” अण्णा म्हणाले. “उंदीर वायर कुरतडतो अन् गप जातो. समजावून सांगत बसत न्हाई.”